जीटी-८६ साठी आरामदायक कॉइलओव्हर सुचवा

वळणवेडा:
टोयोटा जीटी-८६ आहे, मूळ शॉकअप दमलेत. आता कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअप संच) घ्यायचे आहेत. रोजची गाडी हीच, ट्रॅकवर क्वचित. २५ मिमी उतरवायची आहे, पण खडबडीत रस्त्यावर कंबर शाबूत राहिली पाहिजे. बीसी रेसिंग बीआर की टाइन फ्लेक्स झेड? बजेट मधलं. कृपया ओहलिन्स सुचवू नये.

तेलकट_हात:
ओहलिन्स रोड अँड ट्रॅक. एकदाच घ्या, विषय संपवा.

क्लचकाका:
+१. माझ्याकडे आहेत. बारीक गचके कळतसुद्धा नाहीत.

वळणवेडा:
काका, बजेट!

सावकाश_जाऊ:
माझ्या संचाचं नाव सांगत नाही, उगाच भांडण. डॅम्पिंगचे (शॉकअप किती घट्ट ते ठरवणाऱ्या नॉबचे) सगळे क्लिक मऊकडे फिरवले तरी रस्त्याच्या जोडावर धाडकन आपटते. वर दोन हिवाळ्यांत सील गळलं.

स्प्रिंगवाला:
क्लिक फिरवून स्प्रिंग मऊ होत नाही हो. कडक स्प्रिंगवर डॅम्पिंग पार सैल केलं की गाडी खड्ड्यानंतर डुलत राहते. वळणवेडा, घेण्याआधी स्प्रिंग रेट (स्प्रिंगचा कडकपणा) विचारा. बीसीकडे मऊ स्प्रिंग मागवता येतात. वरचं माउंट रबरी आहे का तेही बघा, पिलोबॉल (धातूचा गोल सांधा) असलं तर कटकट आवाज केबिनमध्ये येतो.
सावकाश, तुमची गाडी बहुतेक बंप स्टॉपवर (शॉकअप पूर्ण दबू न देणाऱ्या गट्टूवर) आदळतेय. रॉडवर सीलला टेकवून एक झिप टाय बांधा आणि नेहमीच्या रस्त्याने फिरून या. टाय वर बंप स्टॉपपर्यंत सरकला असेल तर गाडी जास्त उतरवली आहे.

सावकाश_जाऊ:
उतरवली आहे खरी. पण दिसते काय!

क्लचकाका:
अवांतर: चाकं किती इंची? १८ असतील तर आधी मूळ १७ इंची चाकं (२१५/४५ आर१७ टायर) लावा.

तेलकट_हात:
२२५/४० आर१८ टायरची भिंत ९० मिमी, तुमची ९७. सात मिमीने कंबर वाचते?

क्लचकाका:
वाचते. शिवाय चाक हलकं. बसून बघा माझ्या गाडीत.

तेलकट_हात:
तुमच्या गाडीत ओहलिन्स आहेत, काका. चाकांना कशाला श्रेय देता?

हळूच_ब्रेक:
केडब्ल्यू व्ही३ कोणीच कसं सुचवलं नाही? कॉम्प्रेशन आणि रिबाउंड (दबतानाचं आणि परत उसळतानाचं डॅम्पिंग) वेगवेगळे लावता येतात. बजेट थोडं वाढवा.

स्प्रिंगवाला:
"थोडं" 😀
फ्लेक्स झेडला डॅम्पिंगचे १६ टप्पे, रोजच्या वापराला पुष्कळ. आणि उंची खालच्या ब्रॅकेटनेच बदला. स्प्रिंगची वाटी फिरवलीत तर प्रीलोड (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) बदलतो.

वळणवेडा:
सगळ्यांचे आभार. बिलस्टीन बी१४ मागवले. उंची बदलता येते, डॅम्पिंगचा नॉबच नाही. नॉब असता तर मी दर रविवारी गाडीखालीच सापडलो असतो.

हळूच_ब्रेक:
बी१४?? या धाग्यात नाव तरी कोणी घेतलं होतं का?

स्प्रिंगवाला:
वाईट नाहीत. चार-आठ दिवस चालवून स्प्रिंग बसू द्या, मग अलाइनमेंट.

क्लचकाका:
असहमत. टो (चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) त्याच दिवशी तपासा, नाहीतर आठवड्यात टायरची आतली कड जाईल.