मदत हवी आहे : हौशी पूल स्पर्धेत खेळाडूंच्या वेळांचा मेळ कसा घालावा?

नमस्कार मंडळी,

सांगलीत विश्रामबाग परिसरातील एका लहान क्लबमध्ये आम्ही काही हौशी खेळाडू मिळून एट-बॉलची, म्हणजे टेबलावर क्यू नावाच्या काठीने चेंडू मारून खेळायच्या पूल या खेळाच्या एका प्रकाराची, खुली स्पर्धा भरवत आहोत. क्लबच्या मालकांनी शनिवारी दुपारी ४ ते रात्री १० आणि रविवारी सकाळी १० ते रात्री ९ या वेळेत तिन्ही पूल टेबले आमच्या हवाली करण्याचे कबूल केले आहे, आणि प्रवेशिका ३२ वर थांबवायच्या असे ठरले आहे. चिठ्ठ्या टाकणारी, फळ्यावर भाग्यपत्रिका (कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता) लिहिणारी, फाउलचा वाद मिटवणारी माणसे आमच्याकडे आहेत. घोडे अडते ते एकाच ठिकाणी : ज्या वेळी टेबल मोकळे असते त्या वेळी खेळाडू मोकळा नसतो.

आमचे खेळाडू कोण आहेत हे सांगितल्याशिवाय अडचण नीट कळणार नाही. बरेचसे जण कुपवाड औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करतात. त्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असे नाही आणि पुढच्या आठवड्याची पाळी त्यांना बहुधा या आठवड्याच्या अखेरीस कळते. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांवर असणारे दोघे-तिघे हंगामात दुपार कलल्याशिवाय हलू शकत नाहीत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना संध्याकाळ चालते, पण परीक्षा तोंडावर आली की तीही चालत नाही. मिरजेच्या एका डॉक्टरांचा फोन सामना सुरू असताना कधी वाजेल याचा नेम नाही. शिवाय कोल्हापूर, कराड, जयसिंगपूर येथून येणाऱ्यांचे म्हणणे असे की, एकदाच बोलवा, सलग खेळवा आणि रात्रीच्या आत मोकळे करा. आणि ते मला रास्त वाटते.

मागील स्पर्धा दुहेरी बाद पद्धतीने घेतली होती, म्हणजे दोन सामने हरल्यावरच खेळाडू बाहेर पडत होता. प्रवेश फी भरून एका सामन्यात घरी जावे लागू नये म्हणून ती पद्धत सर्वांना आवडते, परंतु वेळापत्रकाच्या दृष्टीने तिच्यासारखी चिवट गाठ नाही. पहिला सामना हरलेले कराडचे एक खेळाडू क्यूची पिशवी मांडीवर घेऊन भिंतीलगतच्या बाकावर बसून राहिले होते. त्यांचा पुढचा प्रतिस्पर्धी ज्या सामन्यातून यायचा, तो सामना सुरूच झालेला नव्हता, कारण त्यातील एकजण पहिली पाळी संपवून कुपवाडहून निघाला होता आणि अजून वाटेतच होता. एका माणसाच्या उशिरामुळे फळ्यावरच्या चार जागा रिकाम्या आणि एक टेबल मोकळे. शेवटी कराडकर पुढे चाल देऊन एसटी पकडायला निघून गेले. कोणीही कोणाला दोष दिला नाही, पण पुढच्या वेळी त्यांची प्रवेशिका येईल असे मला वाटत नाही.

हिशेबही मांडून पाहिला. ३२ खेळाडूंच्या दुहेरी बाद पद्धतीत ६२ सामने होतात, आणि अंतिम सामना पुन्हा खेळवावा लागला तर ६३. ज्याचे चार रॅक (सामन्यातील डाव) आधी होतील तो विजयी, असा सामना आमच्या पातळीवर सरासरी पन्नास मिनिटे घेतो. म्हणजे ६२ सामन्यांना ५१ तास ४० मिनिटे, आणि आमच्याकडे १७ तास गुणिले तीन टेबले, म्हणजे ५१ तास. एकही टेबल एक मिनिटही रिकामे राहिले नाही तरी वेळ पुरत नाही, आणि शेवटच्या फेऱ्यांत एका टेबलावर सामना चालू असताना उरलेली दोन रिकामी राहणारच. सरळ बाद पद्धत घेतली तर ३१ सामन्यांत काम होते. मात्र मग निम्म्या खेळाडूंना एकच सामना मिळतो, आणि कोल्हापूरहून येणारा एका सामन्यासाठी येणार नाही.

त्यात भर म्हणजे त्याच दोन दिवसांत क्लबच्या एकमेव स्नूकर टेबलावर स्नूकरची छोटी स्पर्धाही आहे. पाच-सहाजणांनी दोन्हीकडे नावे दिली आहेत, आणि दोन्हीकडून एकाच वेळी पुकारा झाला तर कोणाचे ऐकायचे, हे कोठेही लिहिलेले नाही.

म्हणून अनुभवी मंडळींना विचारतो : प्रवेशिकेबरोबर खेळाडूची सोयीची वेळ विचारून भाग्यपत्रिका तिच्याप्रमाणे लावली, तर ती न्याय्य राहते का? दोघांनी आपापसांत ठरवून सामना पुढे ढकलायचा म्हटले तर परवानगी द्यावी का? आणि उशिरा येणाऱ्यासाठी किती वेळ थांबावे?

प्रतिसाद — काळा चेंडू

आपला हिशेब बरोबर आहे, परंतु अडचण तासांपेक्षा सामन्यांच्या एकमेकांवरील अवलंबनाची आहे. ३२ जणांच्या दुहेरी बाद पद्धतीत विजेत्यांच्या, म्हणजे अजून न हरलेल्यांच्या बाजूला पाच फेऱ्या आणि पराभूतांच्या, म्हणजे एकदा हरलेल्यांच्या बाजूला आठ फेऱ्या असतात, आणि पराभूतांच्या बाजूची जवळजवळ प्रत्येक जागा दुसरीकडच्या कोणत्या तरी निकालाची वाट पाहत असते. अशा रचनेत एकाच्या गैरसोयीची झळ सर्वांना लागते. म्हणून स्पर्धेचे छोटे, स्वतंत्र तुकडे पाडावेत.

चार-चार खेळाडूंचे आठ गट करा आणि प्रत्येक गटात दुहेरी बाद पद्धत ठेवा. पहिले दोन सामने एकाच वेळी दोन टेबलांवर, मग विजेत्यांचा एक आणि पराभूतांचा एक असे पुन्हा दोन एकाच वेळी, आणि शेवटी दुसऱ्या जागेसाठी पाचवा. पन्नास मिनिटांच्या तीन फेऱ्यांत, म्हणजे अडीच तासांत गट निकाली निघतो. प्रत्येकाला किमान दोन सामने मिळतात, कोणालाही तीनपेक्षा अधिक खेळावे लागत नाही, आणि एका गटातील खोळंबा दुसऱ्या गटापर्यंत पोहोचत नाही. आठ गटांचे ४० सामने आणि पुढे १६ जणांच्या सरळ बाद फेरीचे १५, असे ५५ सामने होतात. पूलच्याच नाइन-बॉल या प्रकाराच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतही आधी दुहेरी बाद पद्धतीने गाळणी करून नंतर सरळ बाद फेरी खेळवतात, त्यामुळे ही रचना कमअस्सल आहे असे कोणी म्हणू नये.

खरा फायदा पुढे आहे. हे आठही गट शनिवार-रविवारातच कोंबण्याची गरज नाही. स्थानिक खेळाडूंचे सहा गट आधीच्या आठवड्यात संध्याकाळी साडेसात ते दहा या वेळेत, रोज एक याप्रमाणे, दोन टेबलांवर घ्या. तिसरे टेबल मालकांच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी मोकळे राहील, आणि तासाच्या भाड्यावर क्लब चालवणाऱ्या माणसाला त्याची किंमत चांगली कळते. बाहेरगावच्यांचे दोन गट शनिवारी दुपारी चारला आणि साडेसहाला घ्या. रविवारी फक्त १६ जण उरतात. तीन टेबलांवर पहिल्या आठ सामन्यांना तीन वेळा टेबले लावावी लागतील, उपांत्यपूर्व फेरीला दोनदा, उपांत्य आणि अंतिम फेरीला एकेकदा. सातही मिळून पाच तास पन्नास मिनिटे. सकाळी ११ ला सुरुवात केली तर सायंकाळी पाचपर्यंत बक्षीस समारंभ होतो, आणि अंतिम सामना चारऐवजी पाच रॅक आधी जिंकण्याचा करायलाही सवड राहते.

प्रतिसाद — घोड्याची अडीच घरे

मी पूल खेळत नाही, पण बुद्धिबळाच्या स्पर्धांत पंच म्हणून काम केले आहे. नूतन बुद्धिबळ मंडळाच्या या गावात स्पर्धा म्हटली की कोणी तरी स्विस लीगचे (कोणालाही बाद न करता दर फेरीत साधारण सारख्या गुणांच्या खेळाडूंच्या जोड्या लावण्याच्या पद्धतीचे) नाव काढणारच, म्हणून आधीच सांगतो की ती येथे चालणार नाही. ३२ खेळाडूंच्या पाच फेऱ्या म्हणजे ८० सामने, आणि प्रत्येक फेरी संपल्याशिवाय पुढची जोडी ठरत नाही. बुद्धिबळात सोळा पट एकाच वेळी मांडता येतात, म्हणून ती पद्धत जमते. तीन टेबलांवर तिचा जीव गुदमरेल.

न्याय्यतेबद्दल मात्र एक शंका आहे. खेळाडूंनी आपली सोय सांगून गट निवडायचे म्हटले, तर एकाच कारखान्यातील चांगले खेळाडू एकाच संध्याकाळी जमतील आणि एखादा दुबळा गट कोणाला तरी आयता मिळेल. ओळखीचे चौघे ठरवून एकाच गटात येऊ शकतात, हेही विसरू नये. म्हणून आधी आठ मानांकित खेळाडू आठ गटांत एकेक बसवावेत. मानांकितांनाही सोयीच्या दोन-तीन वेळा कळवायला सांगावे, परंतु गट समितीने ठरवावा. उरलेल्या प्रत्येकाने किमान तीन वेळा कळवाव्यात, आणि त्यांतून चिठ्ठी टाकून गट ठरावा. जो एकच वेळ देईल त्याने जागा उरली तर मिळेल हे मान्य करून फी भरावी. चिठ्ठ्या सर्वांसमोर काढा. बाद फेरीत एका गटाचा विजेता दुसऱ्या गटाच्या उपविजेत्याशी खेळावा आणि एकाच गटातून आलेले दोघे भाग्यपत्रिकेच्या विरुद्ध अर्ध्या भागांत असावेत, म्हणजे अंतिम सामन्याआधी त्यांची पुन्हा गाठ पडणार नाही.

प्रतिसाद — दुसरी पाळी

मी कुपवाडलाच काम करतो, म्हणून आमची बाजू मांडतो. तीन वेळा द्यायला आमची हरकत नाही, पण पाळी जाहीर होण्याआधी त्या मागितल्या तर आम्ही अंदाजाने लिहू आणि नंतर तुमचीच पंचाईत होईल. पाळ्या लागल्यानंतर दोन दिवसांनी चिठ्ठ्या काढा, एवढे केले तरी अर्धी भांडणे मिटतील. दुसरे असे की, वेळ वाचवण्यासाठी सामन्याला पन्नास मिनिटांची मर्यादा घालण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडून द्यावा. मर्यादा असली की पुढे असलेला खेळाडू क्यूला खडू लावत, टेबलाभोवती फेऱ्या घालत, सोपा चेंडूही तीन बाजूंनी न्याहाळत वेळ काढतो, आणि मागे असलेल्याला बोलता येत नाही. मोठ्या स्पर्धांत प्रत्येक फटक्यासाठी घड्याळ असते. आपल्याकडे प्रत्येक टेबलाला माणूस देणे शक्य नाही, पण जो सामना पन्नास मिनिटांच्या पुढे गेला त्या एका टेबलापाशी मोबाइलवर वेळ मोजणारा कोणी उभा करता येईल.

प्रतिसाद — धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. गटांची कल्पना मालकांना दाखवली. एक टेबल रोज संध्याकाळी त्यांच्याकडे राहणार हे ऐकल्यावर त्यांनी आठवडाभराची परवानगी लगेच दिली. रविवारी १६ जणांसाठी तीच तीन टेबले आरामात पुरतात. चिठ्ठ्या पाळ्या जाहीर झाल्यानंतरच काढू.

आता उरलेले दोन प्रश्न. स्नूकर आणि पूल या दोन्हींत नावे असलेल्यांचे काय करावे? आणि चिठ्ठ्या निघाल्यावर एखाद्याची पाळी अचानक बदलली, तर त्याच्या गटातील उरलेल्या तिघांवर अन्याय न होता त्याला सामावून घेता येईल का?

प्रतिसाद — काळा चेंडू

दोन्हीकडे नावे असलेल्यांना आधी पूल आणि मग स्नूकर, असा क्रम लावावा. गटाचे अडीच तास बऱ्यापैकी निश्चित असतात, स्नूकरची फ्रेम (एक डाव) मात्र किती लांबेल हे शेवटचे रंगीत चेंडू उरल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून त्या पाच-सहा जणांना पूलसाठी आठवड्यातील संध्याकाळ द्या आणि त्यांचे स्नूकरचे सामने शनिवारी ठेवा. रविवारी कोणी दोन्हीकडे टिकून राहिला, तर पूलचा सामना आधी आणि स्नूकरसाठी दहा मिनिटांची विश्रांती, हे प्रवेशिकेवरच छापून टाका. ऐनवेळी पंचाने ठरवले तर हरलेल्याला ते पक्षपाताचेच वाटते.

उशिराबाबत स्वतःचा नियम शोधू नका. जागतिक पूल संघटनेच्या नियमावलीत उशिरा येणाऱ्याला १५ मिनिटांची मुदत आहे. त्या काळात पाचव्या, दहाव्या आणि चौदाव्या मिनिटाला पुकारा करावा, असेही सुचवले आहे. तोच कागद भिंतीवर लावा. मिरजेच्या डॉक्टरांना रुग्णासाठी उठावे लागले तर चालू रॅक प्रतिस्पर्ध्याला द्यावा आणि परत येण्यासाठी तीच १५ मिनिटांची मुदत द्यावी. हे ऐकायला कठोर वाटते, पण बहुतेक डॉक्टर स्वतःच हे आनंदाने मान्य करतात, कारण त्यांच्यासाठी कोणी ताटकळलेले त्यांनाही आवडत नाही.

पाळी बदलल्यास अदलाबदल चिठ्ठीनंतरही चालेल, परंतु दोन अटींवर : दोन्ही गटांतील पहिला सामना सुरू झालेला नसावा, आणि बदल मानांकित खेळाडूंच्या जागेचा नसावा. ज्याची पाळी बदलली त्याने अदलाबदलीसाठी दुसरा खेळाडू स्वतः शोधावा आणि समितीला दोघांनी मिळून कळवावे. समितीने फोन करत बसू नये. गटाचा पहिला पुकारा झाला की मग सामने पुढे ढकलायचे नाहीत, दोघे राजी असले तरी नाही, कारण त्या गटात आणखी दोघे थांबलेले असतात आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. अदलाबदलीलाही कोणी मिळाला नाही तर प्रतीक्षा यादीतील तीन-चार नावांपैकी जो त्या संध्याकाळी येऊ शकेल त्याला घ्या. प्रतीक्षा यादीतल्यांकडून फी मात्र आत घेतल्यावरच घ्यावी. आधी घेतली, तर स्पर्धा संपल्यावर खजिनदाराला पैसे परत देत फिरावे लागते.