अट लावून किंमत बदलायची: आखूड लिहायचं की उघड?

रंकाळा_कोडर
आम्ही कोल्हापुरातल्या दूध संस्थांच्या बिलाचं काम करतो. दहा दिवसांच्या बिलातून पशुखाद्य, ॲडव्हान्स वजा केला की काही सभासदांचा आकडा उणे येतो, तिथं शून्य दाखवायचं. नवी पोरं हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेतही त्यासाठी अख्खं इफ-देन-एल्स लिहितात. 'मॅप (मॅक्स ०)' एवढ्यात भागतं. मॅक्स म्हणजे दोन किमतींतली मोठी. मॅक्सला एकच किंमत दिली की दुसरीची वाट बघणारं फंक्शन तयार होतं, तेच मॅपनं यादीतल्या प्रत्येक आकड्यावरनं फिरवायचं. जमेल तितकं आखूड लिहावं, असं माझं ठाम मत.

राजारामपुरीकर
इथंच अडतंय भावा. उणे आकडा म्हणजे सभासदाकडची बाकी. मॅक्सनं ती गिळली, मग पुढच्या बिलात येणार कुठनं? अट डोळ्याला दिसतच नाही, म्हणून रिव्ह्यूत, म्हणजे दुसऱ्यानं कोड तपासताना, हे कुणी विचारत नाही. गार्ड लिहा, म्हणजे प्रत्येक अटीला स्वतःची ओळ: उण्याची वेगळी आणि 'अदरवाइज'ची (उरलेल्या सगळ्यांची) वेगळी. नजर तिथं थांबते.
अट बघून दोनातली एक किंमत देणारं 'बूल' फंक्शनही मला नको. २०१४ पासून हास्केलच्या बेस लायब्ररीत आहे, पण त्यात खोट्याची किंमत आधी, खऱ्याची नंतर. इफच्या नेमकं उलट.

शाहूपुरी_बॅकएंड
ठरावीक जुन्या किमतींच्या जागी नव्या घालायच्या असतील, समजा सभासद क्रमांक बदललेत, तर गार्डची शिडी कशाला? तक्ता करा. क्लोजर या भाषेतल्या 'रिप्लेस'ला तक्ता आणि यादी दिली की झालं, तक्त्यात नसलेलं आहे तसंच राहतं.

उत्तरेश्वर_पेठ
आखूडपणाचा फटका मी बघितलाय. जावास्क्रिप्टमध्ये कुणीतरी 'कपात || ५०' लिहिलं होतं. म्हणजे कपात भरलेली नसेल तर पन्नास रुपये धर. पण '||' डावीकडची किंमत खोटी असली की उजवीकडची घेतं, आणि तिथं शून्यही खोटं धरलं जातं! एक मावशी चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाल्या, "मी तर कपात बंद केलीया की." त्यांच्या शून्याचे पन्नास झाले होते. २०२० च्या मानकात आलेलं '??' फक्त नल किंवा अनडिफाइंड असेल, म्हणजे किंमतच नसेल, तरच बदलतं. दोन्ही तेवढीच आखूड, पण अर्थ लई वेगळा.

रंकाळा_कोडर
@राजारामपुरीकर, सभासदाची बाकी गिळली जाते हा मुद्दा शंभर टक्के मान्य, आजच दुरुस्त करतो. फंक्शन आता जोडी देईल: देय म्हणजे 'मॅक्स ० एक्स', बाकी म्हणजे 'मॅक्स ० (निगेट एक्स)', निगेट म्हणजे चिन्ह उलटं. गार्ड मात्र अजून पटलेला नाही.

राजारामपुरीकर
जोडी चालेल, बाकीला नाव मिळालं. नेमकं शून्य आलं तर दोन्हीकडं शून्य येतंय का, याची टेस्ट तेवढी लिहा.