टी३ व्हॅन: मूळ इंजिन पुन्हा बांधू की सुबारूचं बसवू?

जुनी_व्हॅन:
माझी फोक्सवॅगन टी३ १९८७ची, २.१ लिटरचं वॉटर-कूल्ड बॉक्सर इंजिन. हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) कडेने परत कूलंट ठिबकतंय, तीन वर्षांत दुसऱ्यांदा. हेड उतरवलं तर रबरी सील बसतं तिथलं ॲल्युमिनियम पार खाल्लं गेलंय, खड्ड्यांत नख अडकतं. बॉडी मात्र ठणठणीत आहे, आणि गाडीवर घरच्या सगळ्यांचा जीव आहे, त्यामुळे विकायचा प्रश्नच नाही. हेड बदलून हेच इंजिन बांधू की सुबारूचं ईजे२२ टाकू? स्वतः केलं असेल त्यांनीच सांगा.

पाना_तेरा:
मी केलंय, सहा वर्षं झाली. इंजिन बसवणं त्यातल्या त्यात सोपं. दोन्ही आडवी, चार सिलिंडरची. अडॅप्टर प्लेट लावली की गिअरबॉक्सला जुळतं. सुबारूचा संप, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, खोल असतो, तेवढा आखूड केलेला घ्या, नाहीतर दगड आधी त्यालाच लागेल.

माझे दोन महिने खाल्ले ते कूलंटने. सुबारूचा थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप) पाणी इंजिनात शिरतं त्या तोंडाशी असतो. हीटरच्या लाइनमधून गरम पाणी त्याच्यापर्यंत फिरत आलं तरच तो उघडतो. मला हीटर नको होता म्हणून मी ती लाइन बूच मारून बंद केली. पहिल्याच चढाला काटा लाल पट्ट्यात! खाली वाकून रेडिएटरकडून येणाऱ्या पाइपला हात लावला तर तो गार. लाइन परत जोडली, तेव्हापासून काटा जागचा हलत नाही. तुम्ही ही चूक करू नका, इंजिन जाता जाता वाचलं.

कूलंटमधली हवा काढताना गाडीचं नाक उचलून ठेवा, रेडिएटरवरचा स्क्रू ढिला करा आणि २००० आरपीएमला धरा. बुडबुडे थांबून सलग धार लागली की स्क्रू आवळा.

तारा_जोडणारा:
इंजिनासोबत त्याच गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा कंप्यूटर) आणि अख्खं हार्नेस (तारांचा जुडगा) घ्या, कापलेलं नको. ईसीयूला गाडीच्या वेगाचा सिग्नलही द्या. माझ्या गाडीत तो नव्हता, तर थांबायला ब्रेक मारला की इंजिन बंद पडायचं. आणि जास्त ताकदीच्या मोहाने सुबारूचंच मोठं, सुरुवातीचं ईजे२५ उचलू नका, त्याच्याही हेड गॅस्केटची रड आहे.

मूळचंच_बरं:
माझं मत वेगळं. नवी हेड, चांगली सील आणि फॉस्फेट नसलेलं कूलंट वेळेवर बदलत राहिलात तर हे इंजिनही टिकतं. मूळचं साधारण ९५ हॉर्सपॉवरचं, ईजे२२ १३०च्या आसपास. तो जादा जोर जुन्या गिअरबॉक्सवर येणार. शिवाय कागदपत्रांवरचा इंजिन नंबर बदलतो. परवानगीचं आधी विचारा, मगच इंजिन विकत घ्या.

जुनी_व्हॅन:
मनापासून आभार. परवानगीचं उद्याच विचारतो. पाना_तेरा, इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बदलून घेऊ ना?

पाना_तेरा:
हो, आणि मागचं क्रँक सीलही. नंतर त्यासाठी सगळं परत उतरवावं लागतं.