हयातीचा दाखला: तुमच्या घरचा अनुभव लिहा

नोव्हेंबर आला की पेन्शनरांच्या घरात बँकेची खेप ठरलेली. 2014 मध्ये 'जीवन प्रमाण' ही आधारवर चालणारी डिजिटल दाखल्याची सोय आली, 2021 पासून चेहरा दाखवूनही दाखला निघतो. कागद, अंगठा, चेहरा, दारात पोस्टमन: तुमच्या माणसाला कोणती वाट जमली, कोणती नाही, सविस्तर लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. आईला बाबांची फॅमिली पेन्शन आहे. तिचे हात जन्मभर भाकरी थापण्यात आणि राखेने भांडी घासण्यात गेले. मशीनवर अंगठा ठेवला, लागला नाही. साबणाने हात धुऊन आली, तरी नाही. मग एकेक करत दहाही बोटं झाली. शेवटी मीच विचारलं तेव्हा खणातून कागदी फॉर्म निघाला. आधीच का नाही दिला? घरी येईपर्यंत आई पदराने बोटं पुसत होती, तिचंच काही चुकल्यासारखी. पुढच्या वर्षी मोबाईलसमोर चेहरा धरला, दोन मिनिटांत झालं.

*

आमच्याकडे उलटं. वडिलांना पार्किन्सन. फोन पापण्यांची उघडझाप करायला सांगतो, आणि सांगितल्यावर तेवढंच त्यांना जमत नाही. बोटांचे ठसे मात्र उत्तम. पोस्टमन यंत्र घेऊन घरी आले, 70 रुपये घेतले. त्यांनी वडिलांचा थरथरता हात दोन्ही हातांत धरला, हात शांत होईपर्यंत थांबले आणि मग बोट टेकवलं. मला भरून आलं.

*

माझी पेन्शन ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफवाल्यांची. दाखला जूनमध्ये देतो, तिथून वर्षभर चालतो. रांग नाही, काही नाही. केंद्राच्या पेन्शनरांना ऐंशी पूर्ण झाल्यावर 1 ऑक्टोबरपासून देता येतो, शेजारच्या आजोबांना आवर्जून सांगा.

*

मी बँकेत काउंटरवर होते, आता निवृत्त. मोबाईलची सोय हवीच, पण तिच्यापायी कागद बंद करू नका. एक आजी यायच्या, खात्याला नंबर शेजारणीचा. ओटीपी शेजारणीच्या फोनवर, आणि शेजारीण बाळंतपणाला माहेरी! आजी तासभर बसून होत्या, मग फॉर्मवर अंगठा घेतला. त्या दिवसापासून फॉर्मची चळत मी खणात ठेवली नाही. काउंटरच्या बाहेरच्या कडेला ठेवायचे, बाकावर बसल्या बसल्या हाताला येईल अशी.