काहीच पेरलं नाही, तरी पीक आलंय (डीएनए सेन्सर, मिथिलिन ब्लू)

शिसपेन्सिल

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. दुसरं वर्ष, ॲनालिटिकल. नेरूळहून ठाण्याला रोज ट्रान्स-हार्बरने येते. खिडकी मिळाली तर अर्धा तास हाच ग्राफ डोळ्यांसमोर असतो, म्हणून शेवटी इथे विचारतेय.

प्रोजेक्ट असा: पाण्यातल्या ई. कोलायचा एक छोटा डीएनए तुकडा विद्युतरासायनिक पद्धतीने ओळखायचा. सोन्याचा इलेक्ट्रोड परवडत नाही, म्हणून पेन्सिलीची ०.५ मिमीची एचबी शिसं (ग्रॅफाइटच्या काड्या). स्टेशनबाहेरच्या स्टेशनरीवाल्याकडून एकदम सहा डब्या घेतल्या. त्याला वाटतंय मी चित्रं काढते. शिसावर आधी प्रोब (एकेरी धागा) चिकटवायचा, मग टार्गेटमध्ये (म्हणजे शोधायच्या तुकड्यात) बुडवायचं, मग २० मायक्रोमोलर मिथिलिन ब्लू या निळ्या रंगात ५ मिनिटं, धुवायचं आणि ट्रिस बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) डीपीव्ही, म्हणजे व्होल्टेज टप्प्याटप्प्याने बदलत करंट मोजायचा. मिथिलिन ब्लूला मोकळं ग्वानिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) आवडतं. जोडी जमून दुहेरी धागा झाला की ग्वानिन झाकलं जातं आणि उणे ०.२५ व्होल्टच्या आसपासचं पीक (ग्राफमधला उंचवटा) खाली येतं.

माझे आकडे, मायक्रोअँपिअरमध्ये:
फक्त प्रोब – २.१
प्रोब + बरोबर जुळणारं टार्गेट – १.४
प्रोब + अजिबात न जुळणारं टार्गेट – १.५
आणि नुसतं कोरं शीस, ना डीएनए ना मिथिलिन ब्लू – ०.३

पहिल्या दोन ओळी बघून सर खूश झाले. तिसरी मी अजून दाखवलेली नाही. चौथी तर मलाच कळत नाहीये. ज्यात काही टाकलंच नाही, त्यात पीक कुठून उगवलं?

पोटेन्शियोस्टॅट (हे मोजायचं यंत्र) आणि काचेचा सेल (मोजायचं भांडं) आम्हा दोघांत आहे. दुसरा मित्र ग्रॅफाइटच्या प्लेट लावून रंगीत पाणी शुद्ध करतो. त्याचं म्हणणं ९५ टक्के रंग अर्ध्या तासात जातो. जाता जाता त्याच्याबद्दलही काही सांगता आलं तर बघा, कारण तो मला रोज ऐकवतो.

जुनी बाटली

मित्राचा रंग कोणता, ते लिहिलं नाहीस. मिथिलिन ब्लूच ना?

शिसपेन्सिल

हो. लिटरला ५० मिलिग्रॅम. त्याच सेलमध्ये. आम्ही दर वेळी डिस्टिल्ड वॉटरने तीनदा धुतो पण.

जुनी बाटली

मग तुझं पीक तुझं नाहीच, शेजारच्याच्या शेतातलं आहे.

मिथिलिन ब्लू धनभारित. काचेच्या पृष्ठभागावर साध्या पाण्यातही ऋणभार असतो. तो रंग काचेला धरून बसतो, तीनदा विसळून जात नाही. कपड्यावर पडलेला आठवून बघ. सेल रात्रभर पातळ नायट्रिक आम्लात ठेवा, मग भरपूर पाणी. झाकणाचं रबर असेल तर ते बदलाच, रबर सोडत नाही.

पण माझा खरा संशय रेफरन्स इलेक्ट्रोडवर आहे (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो). तोही दोघांत असणार. त्याच्या टोकाला जो सच्छिद्र खडा असतो, तो मित्राच्या बीकरमध्ये अर्धा तास रंग पितो आणि तुझ्या बफरमध्ये हळूहळू ओकतो. उजेडात धरून बघ, कडेला निळसर छटा दिसेल. आज एवढंच कर: नवा प्लास्टिकचा कप, ताजं बफर, नवं शीस आणि दुसऱ्या कुणाचा तरी रेफरन्स इलेक्ट्रोड. पीक गेलं तर चोर सापडला. नायट्रोजनही सोड जरा, विरघळलेला ऑक्सिजन त्याच भागात बेसलाइन वर उचलतो आणि मग छोटं पीक मोजणं म्हणजे अंदाज पंचे होतं.

माझ्या वेळी ही भानगड पाऱ्याच्या थेंबावर व्हायची. प्रत्येक थेंब नवा, त्यामुळे कालचा मळ आज येत नसे. १९६० साली ब्र्नोच्या एमिल पालेचेक यांनी डीएनएचा विद्युत संकेत दाखवला तो पाऱ्यावरच. आता पारा कुणी हातात देत नाही, बरंच आहे ते. पण शिसाला आठवण असते हे लक्षात ठेव.

पावण्याचं सांडपाणी

मी टीटीसी या नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात सांडपाण्याचं काम बघतो, सेन्सरमधलं कळत नाही. मित्रासाठी लिहितो.

वीज वाहावी म्हणून पाण्यात मीठ टाकतोय का तो? टाकत असेल तर ॲनोडवर क्लोरीन निघतो, पाण्यात त्याचं हायपोक्लोराइट होतं, म्हणजे घरचं ब्लीच. रंग जाणारच! दोन पळ्या ब्लीचने पण गेला असता, मशीन कशाला? मिठाऐवजी सोडियम सल्फेट घेऊन बघायला सांगा. आणि उरलेल्या पाण्यात पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च टाका. निळं-जांभळं झालं की समजा काम क्लोरीनचं.

दुसरं म्हणजे मिथिलिन ब्लू कॅथोडवर नुसता क्षपण होऊनही बिनरंगी होतो. ते पाणी उघड्यावर ढवळत ठेवा. हवा लागून निळं परत आलं तर त्यातलं काही तुटलेलंच नव्हतं. रंग झोपला होता फक्त.

मोजायचं असेल तर सीओडी मोजा, म्हणजे पाण्यातला मळ रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते. पण मीठ असेल तर तिथेही फसगत, कारण त्या चाचणीतला डायक्रोमेट क्लोराइडलाही खातो आणि आकडा फुगतो. मर्क्युरिक सल्फेट घालूनच करायचं. आमच्याकडे खाडीचं पाणी ड्रेनमध्ये शिरलं त्या आठवड्यात सीओडीचे आकडे बघून नवीन पोरगा घाबरून गेला होता. प्लांट ठीक होता, भरती आली होती.

पुढे ॲल्युमिनियमच्या प्लेट लावून गाळ बसवायची पद्धत करणार असेल तर आधी कागदावर हिशेब करू दे. १ अँपिअर १ तास म्हणजे साधारण ०.३४ ग्रॅम ॲल्युमिनियम विरघळणार, फॅराडेचा नियम, त्यात घासाघीस नाही. तेवढा गाळ कुठे टाकणार, हे कॉलेजात कुणी विचारत नाही. आम्हाला पहिलं तेच विचारतात.

बफरबाई

सगळे चौथ्या ओळीच्या मागे लागलात. मला तिसरी जास्त बोचतेय.

शिसपेन्सिल, न जुळणाऱ्या टार्गेटनेही पीक २.१ वरून १.५ वर आलं. याचा अर्थ तुझा प्रोब सुटून जातोय. शिसावर तो नुसता चिकटवलेला आहे, बांधलेला नाही. टार्गेटच्या बफरमध्ये ठेवून मग धुतलं की काही भाग निघून जातो, आणि ‘पीक कमी झालं’ याला तू ‘जोडी जमली’ म्हणतेस. पीक खाली आल्यावर आनंद मानायचा, या पद्धतीचं दुखणंच हे. इलेक्ट्रोड खराब झाला तरी उत्तर ‘सापडलं’ असं येतं.

एक कंट्रोल हवाच: प्रोब लावलेलं शीस, टार्गेट नसलेल्या त्याच बफरमध्ये तेवढाच वेळ, तसंच धुऊन. आणि त्या बफरमध्ये मीठ जास्त असेल (जोडी जमायला लागतंच, फॉस्फेट एकमेकांना ढकलतात) तर मिथिलिन ब्लूच्या आधी नीट विसळ. मीठ त्यालाही डीएनएपासून लांब ठेवतं.

खरा उपाय मात्र उलटा आहे. प्रोबमध्ये ग्वानिनच्या जागी इनोसिन घालून मागव. तोही ग्वानिनच्या जोडीदाराशी, सायटोसिनशी, जोडी करतो, पण ग्वानिनचं पीक देत नाही. मग ॲसिटेट बफरमध्ये, पीएच ४.८ ला, अधिक १ व्होल्टच्या आसपास काही दिसलं तर ते टार्गेटचंच. मिथिलिन ब्लूची गरजच नाही, मित्राशी भांडण नाही. फक्त न जुळणाऱ्या तुकड्याचा कंट्रोल तिथेही सोडू नकोस, तोही शिसाला चिकटू शकतो.

आणि प्रत्येक आकड्यामागे किती शिसं आहेत? एकच असेल तर मी पुढचं वाचणार नाही.

शिसपेन्सिल

एकच होतं. आता पाच-पाच केली, सहापैकी चौथी डबी चालू आहे.

जुनी बाटली काका, टोक निळं होतं. उजेडात धरायचीही गरज नव्हती, आम्ही कधी बघितलंच नव्हतं. प्लास्टिकचा कप आणि दुसऱ्या विभागातून उसना आणलेला रेफरन्स इलेक्ट्रोड लावला तर कोऱ्या शिसाची रेघ सपाट.

बफरबाई, नुसत्या बफरमध्ये ठेवलेल्या शिसांची सरासरी १.४ आली. टार्गेट घातलेल्यांचीही १.४. म्हणजे तीन महिने मी शीस धुण्याचा अभ्यास करत होते. सरांना चारही ओळी दाखवल्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “इनोसिनवाल्याचं कोटेशन मागव.” प्रोब यायला वेळ लागेल, तोवर साध्या डीएनएवर ग्वानिनचं पीक बसवून घेतेय.

मित्र खायचं मीठच टाकत होता. सल्फेट घेतल्यावर ९५ चे ३८ टक्के झाले. मी काही बोलले नाही. तरी काल ऐरोलीपर्यंत तो दुसऱ्या डब्यात बसला.