विनोदी नाटकाचा तुमच्या लक्षात राहिलेला प्रयोग

मोबाईलवर विनोद हवा तेवढा मिळतो, पण तिसरी घंटा होऊन अंधार झाला की अनोळखी माणसांनी भरलेलं नाट्यगृह एकदम हसतं, ते घरी होत नाही. असा एखादा प्रयोग आठवत असेल तर लिहा. गोष्ट नको, त्या दिवशी काय झालं ते सांगा. सुरुवात मी करते.

बाबा गेल्यावर आई वर्षभर घराबाहेर पडली नव्हती. शिवाजी मंदिर नाट्यगृहात विजय चव्हाणांची 'मोरूची मावशी' लागली होती. जवळजवळ ओढतच नेलं तिला. मावशी पदर खोचून नाचायला लागली आणि शेजारी आईचे खांदे हलायला लागले. तोंडाला पदर. मला वाटलं, रडतेय. मध्यंतरात तिने आपणहून बटाटावडा मागितला.

---

आमचं गाव सिंधुदुर्गात. उघड्या मैदानावर 'वस्त्रहरण' होतं. गावातलं मंडळ द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक बसवतं आणि प्रयोगात सगळाच गोंधळ होतो, असं ते नाटक. ऐन रंगात लाईट गेली. लोक हसतच राहिले! माझे आजोबा ठामपणे म्हणाले, "नाटकातलाच आसतला ह्या." नटही अंधारात मालवणीतून एकमेकांना हाका मारत राहिले. कोणीतरी पेट्रोमॅक्स आणल्यावर कळलं की लाईट खरंच गेली होती.

---

मी प्रेक्षक कमी, विंगेतला माणूस जास्त. हौशी संस्थेत सात वर्षं प्रॉम्प्टिंग केलं, म्हणजे नट अडला की विंगेतून वाक्य सुचवायचं. फार्समध्ये पाठांतरापेक्षा कठीण काय असेल तर हशा सांभाळणं. हशा चढत असताना वाक्य टाकलं तर ते वाहून जातं, आणि तो पुरता विरला की पुढचं वाक्य थंड पडतं. उतरायला लागला की बोलायचं. नवीन मुलं हे तालमीत शिकूच शकत नाहीत, कारण तालमीत हसणारं कोणी नसतं.

एकदा आडवारचा, म्हणजे सुट्टी नसलेल्या दिवशीचा प्रयोग, बुकिंग जेमतेम साठ. माणसं इकडेतिकडे विखुरलेली. पहिल्या दहा मिनिटांत हशाच्या हुकमी जागा कोरड्या गेल्या. मावशींचं काम करणाऱ्या ज्येष्ठ बाईंनी एंट्री घेतली, नेहमीचं वाक्य सोडून प्रेक्षकांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "पाहुणे एवढे लांब बसलेत, जरा पुढे सरका की!" सगळे उठून पहिल्या चार रांगांत आले. त्यानंतर तीच माणसं, तीच वाक्यं, आणि हशा थांबेना. हसायला शेजारी माणूस लागतो, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

---

मला मात्र तक्रार करायची आहे. आमच्या शहरातल्या नाट्यगृहात एसी बंद, स्वच्छतागृहात पाणी नाही. घामाने निथळत नट धावपळीचा फार्स करतात आणि आपण पहिल्या रांगेत बसून फोन घेतो. वाईट वाटतं.

---

६ नोव्हेंबर २०२२. षण्मुखानंद सभागृह. प्रशांत दामले यांचा १२,५०० वा प्रयोग, 'एका लग्नाची पुढची गोष्ट'. आधीची 'एका लग्नाची गोष्ट' आम्ही लग्न ठरल्यावर पाहिली होती, तेव्हा आमच्या दोघांच्या मध्ये तिच्या काकू बसल्या होत्या. या वेळी मध्ये आमची लेक होती. मोठा हशा आला की आम्ही दोघं तिच्या डोक्यावरून एकमेकांकडे बघत होतो, तेव्हा काकूंच्या मागून बघायचो तसंच.