गाडी लागू नये म्हणून चालवणाऱ्याने काय करावं? (अनुभव धागा)

गणपतीला कोकण, दिवाळीत घाटावरचं गाव, मधल्या एखाद्या रविवारी येऊर नाहीतर माथेरान. ठाणे-नवी मुंबईतून गाडी निघाली की मागच्या सीटवर कुणीतरी हातात पिशवी धरून बसलेलं असतंच. "तिला गाडी लागते" असं म्हणून आपण मोकळे होतो, जणू सगळा दोष तिच्या पोटाचा. त्यातला बराच वाटा चालवणाऱ्याच्या पायाचा आणि स्टेअरिंगवरच्या हाताचा असतो. त्यासाठीच हा धागा.

कारण थोडक्यात असं. कानाच्या आतल्या भागाला शरीर हलतंय हे कळतं. डोळे मात्र मोबाईलवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर असतात, त्यांना काहीच हलताना दिसत नाही. दोन निरोप जुळत नाहीत आणि मळमळ सुरू होते. चालवणाऱ्याला सहसा लागत नाही, कारण ब्रेक कधी लागणार आणि वळण कुठे येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. खड्ड्याच्या दणक्याने अंग दुखतं, पण पोट ढवळतं ते संथ हेलकाव्याने, साधारण पाच सेकंदांत एक या लयीने. घोडबंदर रोडवर संध्याकाळी माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत जी रेस-ब्रेक, रेस-ब्रेक चालते, तिची लय याच्या अगदी जवळ जाते. म्हणून घाट नसतानाही पोरांना उमासे येतात.

किस्से नकोत. जे नेमाने करता आणि ज्याचा उपयोग होतो, ते आकड्यांसकट लिहा.

घोडबंदर_रोजचा

ब्रेकपासून सुरू करतो, सगळ्यात जास्त बिघडतं ते तिथेच.

आधी पॅडलवर पाय नुसता टेकवायचा, गाडीचं नाक किंचित झुकेल इतपत. मागच्याला दिवाही दिसतो. मग दाब वाढवायचा आणि तसाच धरायचा, पंप करत राहायचं नाही. यापुढचं बहुतेकांचं राहून जातं: गाडी थांबायच्या शेवटच्या मीटरभरात दाब हळूहळू सोडत आणायचा. चाक थांबतं त्या क्षणी पॅडलवर जेमतेम पायाचं वजन हवं. दाब तसाच ठेवून थांबलात तर दबलेलं पुढचं सस्पेन्शन उसळतं आणि सगळ्यांच्या माना आधी पुढे, मग मागे जातात. थांबल्यावर पुन्हा घट्ट दाबून धरा, चढावर तर नक्कीच.

अंतराचं गणित: ताशी ५० किमीवरून दर सेकंदाला साधारण साडेपाच किमी वेग कमी करत थांबायचं तर ६५ मीटरच्या आसपास लागतात. दुप्पट जोराने दाबलंत तर ३२ मीटर. म्हणजे मऊ थांबायचं असेल तर ६५ मीटर आधी थांबायचं आहे हे कळायला हवं. पुढच्या गाडीच्या काचांमधून तिच्याही पुढच्या दोन गाड्यांचे दिवे बघत राहा. नजर नंबरप्लेटवर खिळली की ब्रेक कायम उशिरा लागतो.

हे सगळं रोजच्या थांबण्याबद्दल. समोर कुणी अचानक आडवं आलं तर पूर्ण ताकदीने दाबायचं, त्यात मऊपणा शोधायचा नाही.

पामबीच_सकाळ

वरच्याला जोड. पुढच्या गाडीपासून तीन सेकंद, पावसात चार-पाच. पुढची गाडी एखादा खांब ओलांडते तिथून मनात मोजायचं. मध्ये कुणी घुसलं तर घुसू द्या, अंतर पुन्हा हळूहळू वाढवा. चिडून ब्रेक मारला की शिक्षा मागच्या सीटला होते.

पाम बीच रोडवर मोराज सर्कलचा लाल दिवा बराच लांबून दिसतो. तिथूनच पाय काढायचा आणि गाडी गिअरमध्ये ठेवून वाहू द्यायची. पोचेपर्यंत बहुधा हिरवा होतो, थांबायची वेळच येत नाही. रांगेत सरकतानाही हेच. पुढचा दोन मीटर सरकला की आपण लगेच दोन मीटर, असं करू नका. दीड-दोन गाड्यांची जागा होऊ द्या आणि एका संथ चालीने ती भरा. पोचायला तितकाच वेळ लागतो, हिसके निम्मे होतात.

गतिरोधकाचंही सांगतो. ब्रेक त्याच्या आधीच पूर्ण करायचा आणि पुढचं चाक उंचवट्याला लागताना सोडून द्यायचा. ब्रेक दाबलेला असताना चढलात तर पुढचं सस्पेन्शन आधीच दबलेलं असतं, दणका सरळ आत येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, तो ताशी २५ किमीने आरामात पार होतो. सोसायट्यांच्या गल्लीतले अरुंद, टोकदार उंचवटे या मापाचे नसतात, तिथे पहिला गिअर.

क्लच_आणि_एएमटी

मॅन्युअलमध्ये हिसका बसतो तो क्लच ज्या बिंदूला पकडतो तिथे. तिथवर पाय पटकन येऊ दे, पकड जाणवली की एक-दीड सेकंद तिथेच थांब, गाडी सरकू लागली की उरलेला सोड. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना रेस पूर्ण तोडून क्लच झटकन सोडलास तर मान डुलणारच. गिअर खाली आणताना क्लच सोडण्याआधी रेसला हलका स्पर्श दे, म्हणजे इंजिनाचे फेरे वर येतात आणि गाडी मागे ओढल्यासारखी होत नाही.

एएमटीवाल्यांनो, तुमच्या गाडीत क्लच यंत्र दाबतं, पण रेस तुमच्याच पायात आहे. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना जो खंड पडतो तेवढ्यापुरता पाय किंचित उचला, झोका निम्मा होतो. चढावर आणि घाटात मॅन्युअल मोड लावा, नाहीतर गाडी दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा करत राहते. इको मोड असेल तर माणसं बसलेली असताना तोच ठेवा, पॅडल कमी तिखट होतं.

आपलं काम कसं चाललंय हे आरशात दिसतं. मागे बसलेल्याचं डोकं हेडरेस्टपासून सुटतंय का बघा. अर्धी भरलेली पाण्याची बाटली दारातल्या कप्प्यात ठेवली तर तिचा खळखळाटही सांगतो.

मुंब्रा_बायपास_ते_माथेरान

वळणावर वेग थोडा वाढला तरी अंगावरचा ओढा खूप वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ३० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ४० ने घेतलं तर बाजूला ओढणारं बल वजनाच्या ४२ टक्के, ३० ने घेतलं तर २४ टक्के. ताशी १० किमी सोडून दिले की त्रास जवळपास निम्मा.

घ्यायचं कसं? वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर कमी करा. गिअरही तिथेच बदला. मग स्टेअरिंग एकदाच, सलग वळवा, धरा, आणि वळण उलगडेल तसं सावकाश सोडा. नजर वळणाच्या शेवटाकडे हवी. बॉनेटसमोरच्या रस्त्याकडे बघणारा स्टेअरिंगला सतत बारीक टोचे देतो, आणि त्या टोच्यांनीच मागच्याची आतडी पिळवटतात. वळणात रेस हलकी आणि स्थिर.

उतारावर, ज्या गिअरने चढला असतात त्याच गिअरने उतरा. नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंतच्या चढाला पहिला-दुसरा लागतो, उतरतानाही तेच. न्यूट्रल कधीही नाही: सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, पकड कमी होते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. जागा दिसली की लांबूनच थांबा, म्हणजे अरुंद कोपऱ्यात मागे-पुढे करावं लागत नाही.

आणि बोला. "आता डावीकडे मोठं वळण", "पुढे गतिरोधक" एवढंच. माणसाला आधी कळलं की त्याचं शरीर आधी तयार होतं. चालवणारा नकळत वळणाच्या आतल्या बाजूला मान झुकवतो. प्रवाशांनाही तसंच करायला सांगा, बाहेर फेकले जाऊ नका म्हणावं.

ऐरोली_ईव्ही

इलेक्ट्रिक गाडीत ही तक्रार जास्त ऐकू येते, त्याला दोन कारणं. पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते, आणि इंजिनाचा आवाज नसल्याने प्रवाशाला आधी सूचनाच मिळत नाही. रीजनरेशनची, म्हणजे पाय उचलल्यावर आपोआप मंदावण्याची, पातळी बदलता येत असेल तर शहरात, माणसं बसलेली असताना, सगळ्यात कमी ठेवा. घाट उतरताना वाढवा. जास्त पातळीवर चालवायचंच असेल तर पॅडल सोडायचं नसतं, सैल करायचं असतं, दोन-तीन सेकंदांत. पेट्रोल गाडीवरून आलेल्याला ही सवय लागायला थोडे दिवस जातात. तोवर सासू-सासऱ्यांना लांबच्या प्रवासाला नेऊ नये असं माझं स्पष्ट मत.

खारघर_शाळाव्हॅन

मुलांचं लिहिते. दोन वर्षांखालच्या बाळांना क्वचित लागते, दोन ते बारा या वयात सगळ्यात जास्त. मायग्रेन असलेल्यांना आणि गरोदर बायकांनाही लवकर लागते.

मुलाला बाहेरचं दिसत नाही, ही मोठी अडचण. खिडकीची कड त्याच्या डोळ्यांच्या वर असते. चाइल्ड सीट किंवा बूस्टरने उंची वाढली की क्षितिज दिसतं. पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसणं हा उपाय नाही, ते धोक्याचं आहे. मोबाईल, चित्रकला, गृहपाठ गाडीत बंद. गाणी, अंताक्षरी, "पुढचा पिवळा ट्रक कोण आधी बघतो" हे चालतं, कारण नजर लांब राहते. मोठ्यांना मोबाईल बघावाच लागत असेल तर आयफोनमध्ये २०२४ च्या आयओएस १८ पासून पडद्याच्या कडेला गाडीबरोबर हलणारे ठिपके लावता येतात.

बसमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली सीट घ्या, खिडकीची, तोंड पुढे. मागच्या चाकावरची आणि त्यामागची सगळ्यात जास्त उसळते. टीएमटी, एनएमएमटी, एसटी, सगळीकडे हेच.

निघण्याआधी दीड-दोन तास हलकं खाणं: पोळी-भाजी, इडली, मऊ भात. पोट रिकामंही नको आणि वडापाव, मिसळ, भरपूर दूधही नको. वाटेत चुरमुरे किंवा कोरडी बिस्किटं, पाणी घोटाघोटाने.

नेरूळ_औषधवाला

गोळीची चूक बहुतेक वेळा वेळेची असते. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारशी कामाची नाही, पोटात गेलेलं पुढे सरकतच नाही. अवोमिन म्हणजे प्रोमेथाझिन थिओक्लेट २५ मिलिग्रॅम, ती निघण्याच्या एक-दोन तास आधी घेतात. झोप येते, म्हणून चालवणाऱ्याने अजिबात घ्यायची नाही आणि तिच्यावर दारू नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. मोठ्या मुलांचा डोस डॉक्टरच ठरवतील. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, झोपेची दुसरी औषधं असतील तर आधी विचारा. मेक्लिझिन, सिनॅरिझिन, डायमेनहायड्रिनेट याच कामाची, तीही थोडीफार गुंगी आणतात.

उलटीची म्हणून घरात ओन्डान्सेट्रॉन असते, तीच दिली जाते. जुलाब-उलट्यांत ती चांगली, पण गाडी लागण्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

आलेपाकाने काहींना बरं वाटतं, काहींना काहीच फरक पडत नाही. अपाय नाही, ठेवा. उलट्या झाल्याच तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अंदाजाने अर्ध्या ग्लासात नाही, आणि चमच्याचमच्याने.

रबाळे_गॅरेज

चालवणारा कितीही चांगला असला तरी गाडी डुलत असेल तर काय करणार? बॉनेटचा एक कोपरा जोरात दाबून सोडा. वर येऊन एका झोक्यात स्थिरावली तर शॉकअप ठीक. दोन-तीन वेळा हलली तर गेलेले. टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. स्टिकरवर ३३ असताना ४० भरली तर प्रत्येक सांधा कमरेत जाणवतो.

ब्रेक दाबल्यावर पॅडल आणि स्टेअरिंग थरथरत असेल तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, मग मऊ ब्रेक शक्यच नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, दर दोन वर्षांनी बदला. गाडी उचलताना थरथर येत असेल तर क्लच प्लेट आणि इंजिन माउंटिंग दोन्ही बघायला सांगा.

सानपाडा_एसी

वास! डॅशबोर्डवरचं गडद सुगंधाचं जेल आधी काढा. केबिन फिल्टर वर्षाला बदला. उतरण्याआधी दोन-तीन मिनिटं एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा, आतली ओल सुकते, कुबट वास धरत नाही. चार-पाच जण असताना रीसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) सतत चालू ठेवलं तर आतली हवा जड होते, दर १०-१५ मिनिटांनी बाहेरची हवा घ्या. ट्रक किंवा कचऱ्याच्या गाडीमागे असताना तेवढी बाहेरची हवा बंद.

पनवेलपार

सुरुवात कशी ओळखायची ते कुणी लिहिलं नाही. बोलणं थांबतं, जांभया येतात, चेहरा पांढरा पडतो, तोंडाला पाणी सुटतं, कपाळावर घाम. या टप्प्यावर खिडकी उघडा, डोकं हेडरेस्टला टेकवा, नजर लांब किंवा डोळे मिटून, आणि गाडी पहिल्या सुरक्षित जागी थांबवा. एक्सप्रेसवेच्या कडेपट्टीवर उभं राहू नका, मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही थांबलेले दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पुण्याकडे जाताना खालापूरच्या फूड मॉलवर काही होत नसलं तरी १० मिनिटं उतरा, पुढे घाट आहे. त्रास साठत जातो, थांबलं की तो उतरायला लागतो. पण पाच मिनिटांत पूर्ण उतरत नाही, त्यामुळे "बरं वाटतंय" म्हटल्यावर लगेच निघू नका.

हाताशी ठेवायचं: एकात एक घातलेल्या दोन प्लास्टिक पिशव्या (भोकं आधी तपासा), जुनं वर्तमानपत्र, टॉवेल, पाणी, खाण्याचा सोडा. सीटवर सांडलं तर आधी पुठ्ठ्याने खरवडून उचला, मग थंड पाण्याने टिपा. गरम पाण्याने डाग बसतो. ओल्या जागेवर सोडा पसरून रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम. बेल्टला लागलं असेल तर साध्या साबणाच्या पाण्याने धुवा, ब्लीच नको, पट्टा कमजोर होतो. आणि तो पूर्ण बाहेर ओढून, वरती चिमटा लावून पूर्ण वाळू द्या. ओला पट्टा गुंडाळून आत गेला तर तो वास तिथेच राहतो, आणि पुढच्या वेळी गाडी सुरू व्हायच्या आधीच पोराला उमासा येतो.